आधी वाकणारं पोलाद मागा

पत्रा वाकवायचं मशीन आपल्या शेडमध्ये स्वतःच बांधणाऱ्यांची एक नवी जमात आता गावोगाव दिसते. त्यात आयटीआयमधून बाहेर पडलेली मुलं आहेत, 'बाहा'साठी गाडी बांधणारी इंजिनिअरिंगची पोरं आहेत, तालुक्याच्या गावी ग्रिल-शटरचं दुकान टाकलेले तिशीतले भाऊ आहेत. सगळ्यांची वाट साधारण एकच. फोनवर दहा व्हिडिओ बघायचे, २० टनांचा बॉटल जॅक आणायचा, सी-चॅनेलची चौकट वेल्ड करायची आणि मग एका प्रश्नापाशी अडायचं : पंच आणि डाय कुठल्या पोलादाचे करायचे?

उत्तर देणारे भरपूर असतात आणि उत्तर ठरलेलं असतं. 'डीटू घे.' परवडत नसेल तर 'ओएचएनएस घे.' वर पुस्ती : 'हार्ड करून आण, ६० एचआरसी. एकदम स्ट्राँग. आयुष्यात पुन्हा बघायला नको.'

हे उत्तर चूक आहे. त्यानं नुसते पैसे वाया जाणार असते तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती; ज्याचे पैसे त्यानं बघावं. पण या उत्तरापायी डोळे जाऊ शकतात. म्हणून जरा चढ्या आवाजात सांगतो. घरच्या बेंडिंग टूलसाठी पोलाद निवडताना 'किती कठीण आहे?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न हा, की हे पोलाद हार मानेल तेव्हा काय करेल? वाकेल, की फुटेल? जे आधी वाकतं ते घ्या.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. खाली एक लांब ठोकळा असतो, त्याला 'व्ही'च्या आकाराची खाच असते, ती डाय. वर पाचरीसारखं पातं असतं, तो पंच. मध्ये पत्रा. जॅकनं पंच खाली रेटला की पत्रा खाचेत दबतो आणि कोन तयार होतो. कूलरच्या बॉडीपासून बॅटरीच्या पेटीपर्यंत आपल्या आजूबाजूचे निम्मे कोपरे असेच जन्माला येतात.

'स्ट्राँग' म्हणजे नक्की काय?

सगळ्या गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे. मराठीला ताठ, कठीण, चिवट, ठिसूळ, लवचीक असे वेगवेगळे शब्द ठाऊक आहेत आणि आपल्या आज्या ते चुकत नव्हत्या. भाकरी चिवट झाली आणि भाकरी कडक झाली यांतला फरक स्वयंपाकघरात कुणाला समजवावा लागत नाही. वर्कशॉपमध्ये शिरलो की मात्र हे सगळे शब्द उंबऱ्याबाहेर राहतात आणि उरतो तो 'स्ट्राँग'. जे चांगलं ते स्ट्राँग, जे महाग ते आणखी स्ट्राँग.

पोलादाच्या बाबतीत हे चारही गुण वेगळे आहेत, आणि एक वाढवला तर दुसरा बहुतेक वेळा घटतो.

कठीण म्हणजे ज्यावर ओरखडा उठत नाही, जे झिजत नाही. काच कठीण आहे. चिवट म्हणजे जे तुटायच्या आधी खूप मार सोसतं, ताणतं, वाकतं, पण जीव सोडत नाही. चामड्याचा पट्टा चिवट आहे. काच चिवट नाही आणि पट्टा कठीण नाही. ताकद म्हणजे किती भार घेतल्यावर धातू कायमचा वाकडा होतो तो आकडा. साध्या एमएसचा, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या आयएस २०६२ जातीच्या माइल्ड स्टीलचा, हा आकडा चौरस मिलिमीटरला साधारण २५ किलो धरतात. आणि ताठपणा म्हणजे भार असताना धातू तात्पुरता किती लवतो ते.

या ताठपणाबद्दलच सगळ्यात मोठी अंधश्रद्धा आहे. 'एमएसचा पंच मध्ये लवतो, कोन मध्यभागी उघडा पडतो, म्हणून भारी पोलाद घेतलं,' हे वाक्य किती जणांच्या तोंडी असतं. पण पोलादाचा ताठपणा जातीवर जवळजवळ अवलंबूनच नसतो. एमएस असो, ईएन-२४ असो की हार्ड केलेलं डीटू असो, सगळ्यांचा लवचीकतेचा गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच्या घरात आहे. मीटरभर लांबीची एमएसची पट्टी आणि तेवढ्याच मापाची डीटूची पट्टी यांच्यावर सारखा भार टाका. कायमचं वाकणं सुरू होईपर्यंत दोन्ही जवळपास सारख्याच लवतील. किंमत काही पट, फायदा शून्य.

ताठपणा हवा असेल तर त्याचा उपाय एमएसच्याच दुकानात आहे. पट्टीची उंची वाढवा. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, कारण हिशेबात उंचीचा घन येतो. ५० मि.मी. उंच डीटूपेक्षा १०० मि.मी. उंच एमएस आठपट ताठ. हे गणित इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी पाठ करून घेतात आणि परीक्षा संपली की वहीत मिटून ठेवतात. मग तेच विद्यार्थी शेडमध्ये येऊन 'डीटू घे' म्हणतात.

भार किती येतो, हे कुणी मोजलंय का?

पोलाद कुठलं या वादात भार किती हा प्रश्न कुणी काढतच नाही. आता काढूया.

व्हीच्या खाचेची रुंदी पत्र्याच्या जाडीच्या आठपट ठेवायची, हा जुना ठोकताळा आहे. ३ मि.मी. एमएस पत्र्याला २४ मि.मी.ची खाच. मीटरभर लांबीचा बेंड मारायला साधारण २२ टन लागतात. म्हणजे पंचाच्या टोकावर लांबीच्या दर मिलिमीटरला २२ किलो. टोक पत्र्यावर दोनेक मिलिमीटर रुंद टेकत असेल तर चौरस मिलिमीटरला सरासरी ११ किलो. साध्या एमएसची मर्यादा २५ आहे. सुरुवातीला टोक रेघेसारखं टेकतं तेव्हा दाब जास्त असतो, त्यामुळे मऊ पंचाचं टोक थोडं चेपेल, थोडं गोल होईल आणि मग स्थिरावेल. एवढंच.

आता तोच पत्रा १२ मि.मी.च्या खाचेत दाबा. भार दुप्पट. ३२ मि.मी.च्या खाचेत दाबा, भार १७ टनांवर येतो आणि तुमचा २० टनी जॅक सुखानं काम करतो. बदल्यात कोपऱ्याची आतली गोलाई चारऐवजी पाच मिलिमीटर होईल. खाचेचं माप बदलून भार निम्म्यावर येतो आणि त्याला एक रुपया लागत नाही. तरी चर्चा चालते ती ईएन-३१ की डीटू याची.

मग टूल मोडतात कुठे? बहुतेक वेळा छोट्या कामात. ५० मि.मी.चा एक ब्रॅकेट वाकवायचाय. त्याला टनभर भार पुरतो. पण कोन एखाद अंश कमी वाटला म्हणून गडी पत्रा खाचेच्या तळाला टेकल्यावरही हँडल मारत राहतो. जॅक पूर्ण भार देतो तेव्हा ५० मि.मी.वर २० टन, म्हणजे दर मिलिमीटरला ४०० किलो. टोकाशी चौरस मिलिमीटरला २०० किलो. हा भार एमएस घेणार नाही आणि ईएन-२४ सुद्धा घेणार नाही. ६० एचआरसीचं डीटू कदाचित घेईल, पण अगदी सरळ बसलेलं असेल तरच. घरच्या मशीनचे गाइड कधी सरळ असतात? चौकट वेल्डिंगनं ओढलेली असते, गाइडमध्ये मिलिमीटरभर ढिलाई असते. पंच किंचित तिरका बसतो, त्याच्या एका बाजूला ताण येतो, आणि कठीण पोलादाला ताण सोसत नाही.

इथे दोन पोलादांचे स्वभाव वेगळे होतात. एमएसचा पंच या क्षणी चेपतो. टोकाला खळगा पडतो, तुम्ही शिवी हासडता, पंच काढून ग्राइंडरखाली धरता. डीटूचा पंच चेपत नाही. तो आवाज करतो, आणि त्याचा एक तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. जॅकचं हँडल ज्याच्या हातात आहे त्याचं तोंड त्या वेळी पंचापासून हातभर अंतरावर असतं, कारण रेघेवर पत्रा बसला की नाही हे तो वाकून बघत असतो.

डायमेकरचं पोलाद आपल्या शेडमध्ये कसं आलं?

डीटू वाईट पोलाद नाही. त्याचं काम वेगळं आहे. बाजारात त्याला एचसीएचसीआरही म्हणतात, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. हे दोन मिळून पोलादाच्या आत कार्बाइडचे अतिकठीण कण तयार होतात. पत्रा कापायच्या, भोकं पाडायच्या डायमध्ये धार लाखो वेळा पत्र्यातून आरपार जाते. तिथे हे कण धार टिकवतात. म्हणून वॉशर पाडणाऱ्या कारखान्यात डीटू हे योग्य उत्तर आहे. पण तिथे डाय-सेटला खांब असतात, गाइड बुश असतात, सगळं शतांश मिलिमीटरमध्ये रांगेत असतं.

आपला घोटाळा असा की आपल्याकडे कापायच्या साच्यालाही 'डाय' म्हणतात आणि वाकवायच्या साच्यालाही 'डाय'च म्हणतात. शब्द एक, म्हणून पोलादही एक. वाकवताना पंच पत्र्यातून आरपार जात नाही, तो फक्त रेटतो. धार लागतच नाही; उलट टोक गोल हवं असतं, नाहीतर पत्रा कोपऱ्यात चिरतो. ज्या गुणासाठी डीटूचे पैसे मोजायचे, तो गुण इथे वापरलाच जात नाही.

व्यावसायिक प्रेस ब्रेकची टूल्स बनवणाऱ्या परदेशी कंपन्या काय करतात ते पाहा. बहुतेकांचं आवडतं पोलाद म्हणजे ४२सीआरएमओ४, अमेरिकेतलं ४१४०. आपल्या बाजारातल्या ईएन-१९चा हा सख्खा भाऊ. अमेरिकी पद्धतीचे साधे रंधा मारलेले पंच जेमतेम ३० एचआरसीच्या आसपास असतात, म्हणजे कानस सहज चालेल इतके. युरोपी पद्धतीच्या घासून अचूक केलेल्या टूल्समध्ये अंग चिवट ठेवतात आणि फक्त टोक व खांदे, जिथे पत्रा घासतो तेवढीच साल, इंडक्शन किंवा लेझरनं कठीण करतात. शेकडो टनांची मशीन विकणारे लोक आपल्या पंचाचं अंग मुद्दाम मऊ ठेवतात. ते कंजूस आहेत म्हणून नव्हे.

आणि हे शहाणपण बाहेरून आणायचीही गरज नव्हती. गावचा लोहार कुऱ्हाड करायचा तेव्हा अंग मऊ लोखंडाचं ठेवायचा आणि पात्याला तेवढं पोलाद भरायचा. पाणी द्यायचा तेही धारेपुरतं. अख्खी कुऱ्हाड पोलादाची करून अख्खीला पाणी दिलं तर पहिल्याच बाभळीच्या गाठीवर तिचे दोन तुकडे होतील, हे त्याला ठाऊक होतं. पालं टाकून विळे-कोयते करणारे घिसाडी आजही भात्यापुढे बसून हेच करतात. त्यांना आपण कुशल कारागीर म्हणायला तयार नसतो, आणि तीच गोष्ट 'इंडक्शन हार्डन्ड' असं नाव घेऊन आली की तिचा कॅटलॉग जपून ठेवतो.

ओव्हनमध्ये डीटू शिजत नाही

समजा तरीही कुणी डीटू आणलं. ते कठीण करायला हजार अंशांच्या वरचं तापमान लागतं, तेही हवेपासून जपून. कोळशाच्या भट्टीत लालभडक करून काढलं तर वरच्या थरातला कार्बन जळून जातो आणि आत काय झालंय ते कळत नाही. पुढे ते वेळेवर आणि नीट टेंपर केलं नाही, तर कपाटात ठेवल्या ठेवल्याही तडकू शकतं. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेलं तर तो काम चोख करेल, पण मीटरभर लांबीचा सडपातळ पंच भट्टीतून थोडातरी वाकून येणारच. तो सरळ करायला घासावा लागतो, आणि मीटरभराचा सरफेस ग्राइंडर कुणाच्या शेडमध्ये आहे? मग वाकडा पंच तसाच बसवला जातो. तिरका बसलेला कठीण पंच काय करतो ते वर सांगितलंच.

ईएन-२४ 'टी' अवस्थेत, म्हणजे आधीच हार्ड आणि टेंपर करून मिळतं. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं हे चिवट पोलाद. ताकद एमएसच्या अडीच पटीहून जास्त. आणा, मशीन करा, बसवा. भट्टी लागत नाही. ईएन-१९ही तसंच मिळतं. यांच्याबद्दल रील कुणी बनवत नाही, कारण त्यांत ज्वाळाही नाहीत आणि तेलात चर्र आवाजही नाही.

'काही होत नाही' पंथ

दुसऱ्या बाजूला भंगारवाले भक्त आहेत. ट्रकचे पाटे, रेल्वेचा रूळ, जुना ॲक्सल. 'ओरिजिनल पोलाद आहे, मुंबईच्या दारूखान्यातून आणलंय, काही होत नाही.' यांच्या काटकसरीबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या खात्रीबद्दल अजिबात नाही.

पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम जातीचं, अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त कार्बनचं. नुसतं वापरलं तर काम देईल. पण हे लोक पाटा घेतात आणि साध्या ६०१३ रॉडनं एमएसच्या पट्टीला वेल्ड करतात. वेल्डशेजारचा भाग क्षणात लाल होतो आणि शेजारच्या थंड धातूमुळे क्षणात निवतो. म्हणजे तिथे नकळत पाणी दिलं जातं. काचेसारखी एक रेघ तयार होते. तिला तडा काही वेळा त्याच दिवशी जात नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. वेल्ड बाहेरून देखणं दिसत असतं. शिवाय पाटा लाखो खड्डे खाऊन आलेला असतो. त्याच्या आतल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत.

रुळाचंही तसंच. आपल्याकडच्या नेहमीच्या रुळांत एमएसच्या तिपटीच्या आसपास कार्बन असतो. ऐरण म्हणून उत्तम, वेल्डिंगला वाईट. आणि लिलावाची पावती नसेल तर १९६६च्या कायद्यानं रेल्वेचा माल जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, हे ऐरणीवर पहिला घाव घालण्याआधी लक्षात ठेवलेलं बरं.

डीटूवाले आणि भंगारवाले एकमेकांना हसतात. पण दोघांनीही आपल्या हातातल्या धातूला 'तू कोण?' असं विचारलेलं नसतं. एकानं नावावर विश्वास ठेवला, दुसऱ्यानं नशिबावर.

दुकानात विचारणंही सोपं नाही, हे मान्य. ईएन-८, ईएन-२४ ही नावंच जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं पोलादाच्या असंख्य जातींची छाटणी करून एक आटोपशीर यादी केली, हे क्रमांक त्या यादीतले. ब्रिटननं ते केव्हाच सोडले, आपण अजून त्यांच्यावर व्यवहार करतो. बारच्या टोकाला रंग मारलेला असतो, पण एका दुकानाचा पिवळा दुसऱ्या दुकानात वेगळ्या जातीचा. म्हणून टीसी मागा आणि त्यावरचा हीट नंबर बारवर पंच केलेल्या नंबरशी जुळवा. कळंबोलीच्या बाजारात असा किरकोळ गिऱ्हाईक आला की नाक मुरडतात, मुरडू द्या. कागद नसेल तर ग्राइंडरवर ठिणग्या बघा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, कमी फुलणाऱ्या. कार्बन वाढला की फुलबाजीसारख्या फुटतात. डीटूच्या आखूड, मंद, तांबूस. हा पुरावा नव्हे, पण मोठा खोटेपणा त्यात पकडला जातो.

मग घ्यायचं काय?

टीका करून निघून जाणं सोपं असतं, म्हणून स्पष्ट सांगतो.

चौकट, वरची तुळई, पंच धरणारा होल्डर : एमएस. जाड आणि उंच. इथे दुसरं काही घेणं म्हणजे पैसे जाळणं.

डाय : एमएसचा ठोकळा, आणि ज्या दोन खांद्यांवरून पत्रा घसरत आत जातो तिथे कठीण गोल सळ्या बसवा. इंडक्शननं वरची साल कठीण केलेल्या लिनिअर शाफ्टच्या सळ्या मिळतात, त्यांचं पोट मऊच असतं. सळी झिजली की फिरवा, पुढे बदला. त्या वेल्ड करू नका. खाचेत बसवून बाजूनं स्क्रूनं धरा. एवढी खटपट नको असेल तर सरळ ईएन-८चा ठोकळा.

पंच : हलक्या कामाला ईएन-८ जसं येतं तसं. रोजचं काम असेल, स्टेनलेस वाकवायचं असेल तर ईएन-१९ किंवा ईएन-२४ 'टी' अवस्थेतलं. स्टेनलेसला एमएसच्या दीडपट भार लागतो आणि ते मऊ पोलादाला चिकटून ओरखडे पाडतं. शिवाय एमएसचे कण त्यात रुतले की ग्राहकाच्या चकचकीत किचन ट्रॉलीवर महिनाभरात गंजाचे ठिपके उठतात. त्यावर डायवर पॉलियुरेथेनची पट्टी अंथरणं हा स्वस्त उपाय आहे. रेलिंगचा स्टेनलेस पाइप वाकवायला नायलॉनची चाकं वापरतात तेही याचसाठी.

लांब टूल करायचं असेल तर ब्राइट बार घेऊ नका. थंड ओढलेल्या बारमध्ये ताण कोंडलेला असतो. एका बाजूनं खाच पाडली की अख्खा बार केळासारखा वाकतो. काळा, गरम लाटलेला बार घ्या. आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्या, कारण तडा नेहमी तीक्ष्ण कोपऱ्यातून निघतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : 'पण मऊ टूल झिजतं.' झिजतं. गरम लाटलेल्या पत्र्यावरची काळी पापडी तर कानशीसारखी घासते. पण झीज ही प्रामाणिक गोष्ट आहे. ती दिसते, हाताला लागते, कोनात कळते, आणि तुम्हाला दुरुस्तीला वेळ देते. रोज हजारो बेंड मारणाऱ्या कारखान्याला झिजेचा हिशेब ठेवावा लागतो. तुमच्या शेडमध्ये महिन्याला जितके बेंड होतात तितके तिथे सकाळच्या चहापर्यंत होतात. त्यांची अडचण उसनी आणून आपल्या मशीनवर बसवायची काय गरज?

ज्याच्यावर कुणाचं लक्ष नाही

हा वाद धातूचा वाटतो, पण तो माणसाचा आहे. १९४८चा कारखाने अधिनियम झाला तेव्हा यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेत किमान १० कामगार असले तरच ती जागा 'कारखाना' ठरत होती. पुढे ही मर्यादा खाली आली नाही, वरच गेली. तुमच्या शेडमध्ये तुम्ही, मावसभाऊ आणि शाळा सोडलेला एक हेल्पर. तिथे निरीक्षक येत नाही, गार्ड नाही, लाइट कर्टन नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते, त्यांत पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. ते निदान नोंद झालेले. पत्र्याच्या शेडमध्ये उडालेल्या तुकड्याची नोंद सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर 'डोळ्यात कचरा गेला' एवढीच होते.

जिथे कायदा पोचत नाही आणि गार्ड परवडत नाही, तिथे पोलादाचा स्वभाव हाच गार्ड असतो. चिवट पोलाद चूक पोटात घालतं. हँडल दोनदा जास्त मारलं, पंच तिरका बसला, पत्रा तीनऐवजी पाच मिलिमीटरचा निघाला, तरी ते चेपेल, वाकेल, कुरकुरेल आणि थांबायला सांगेल. कठीण पोलाद एकही चूक माफ करत नाही. आणि चूक बहुतेक वेळा त्या हेल्परच्या हातून होणार असते, ज्याला पोलादाची जात कुणी सांगितलेलीच नाही आणि ज्याच्या डोळ्यांवर गॉगल नाही.

पोलादी मनगट, पोलादी पुरुष, पोलादी निर्धार असे शब्द वापरून आपल्याला वाटायला लागलंय की पोलादाचा मोठेपणा न वाकण्यात आहे. न वाकणारं बिडाचंही असतं. बीड हातोड्यानं फुटतं. लोखंडाचं पोलाद करायला माणूस हजारो वर्षं झटला तो धार आणि चिवटपणा एका अंगात नांदावेत म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर 'सगळ्यात स्ट्राँग काय आहे?' असं विचारू नका. काय वाकवायचंय, किती जाडीचं, किती लांब, खाच किती रुंद, हे कागदावर लिहून न्या. ईएन-८ किंवा ईएन-२४ मागा, टीसी मागा. दुकानदार म्हणेल, 'शेठ, डीटू न्या, टेन्शन नाही.' त्याला सांगा, टेन्शन त्यातच आहे. आणि उरलेल्या पैशातून दोन गॉगल घ्या. एक हेल्परसाठी.